सरांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या

अन्याय झाला तो शोभावर. शोभा म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, लातुरात फिजिक्सचे क्लास घेणाऱ्या सरांची बायको. केव्हा झाला, तर बारावीच्या निकालाची मिरवणूक निघाली त्याच दिवशी, दिवेलागणीला, फ्लेक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. कुणी केला, ते खाली येईल.

पत्रक असंच सुरू करायचं असतं, मावशी. आधी कुणावर, मग केव्हा, मग कुणी. नांदेडहून मी कधीही तुझ्या दारात येऊन उभी राहिले की तू पदराला हात पुसत म्हणायचीस, "आली माझी पत्रकवाली. बोल, आज कुणाचा निषेध हाय?" आज थोडा तुझाही आहे. रागावू नको. रागवायला तू नाहीस, याची मला अजून सवय झालेली नाही.

परवा तुझा तेरावा झाला. सतरंजीवर बसून मी सगळ्यांचं ऐकलं. सवाष्ण गेली, नशीबवान. मेसच्या पोरींना कधी उपाशी झोपू दिलं न्हाई. आवाज म्हणून कधी चढला न्हाई. पिठलं तर असं करायची की बस. सगळं खरं आहे. पण तू गाडी चालवायचीस, आणि भर बाजारातून, गंजगोलाईतून चालवलीस, हे एकाच्याही तोंडून आलं नाही. त्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी निम्मे जण त्या दिवशी तिथं शिट्ट्या मारत उभे होते. म्हणून हे लिहिते.

गाडी तुला आजोबांनी शिकवली. ते विष्णुपुरीच्या धरणावर जीपचे ड्रायव्हर. साहेब नसले की कॅनॉलच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर तुझ्या हातात स्टेअरिंग द्यायचे. चप्पल काढून बसायचं, हा त्यांचा नियम, कारण क्लच तळपायाला कळला पाहिजे. माझ्या आईला यातलं काही जमलं नाही. तिला मळमळायचं, ती मागं डोळे मिटून बसायची. तुझं लग्न ठरवताना आजोबांनी मुलाकडच्यांना सांगितलं होतं, पोरगी स्वयंपाक बरा करते, गाडी चांगली चालवते. मुलाकडचे हसले. त्यांना वाटलं, सोयरे गमतीचे आहेत.

मुलगा म्हणजे आमचे काका. किल्लारीचे. भूकंप झाला तेव्हा ते घरात होते. माळवदाचं घर, दगडमातीच्या रुंद भिंती. लोकांनी त्यांना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. त्यांच्या आईला नंतर काढलं. त्यानंतर काका छपराखाली नीट श्वास घेत नाहीत. लातुरात त्यांनी क्लास सुरू केला तो पत्र्याच्या शेडमध्ये. पत्रा पडला तर माणूस मरत नाही, असं म्हणायचे. पुढं गल्लोगल्ली क्लास निघाले, जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं यायला लागली, काकांचंही नाव झालं. स्लॅबचं घर झालं, वरच्या मजल्यावर तुझी पोरींची मेस झाली. काका मात्र ओसरीतच झोपायचे, दाराकडं तोंड करून.

आणि मग त्यांनी ती गाडी आणली. पुण्याहून, कुणाची तरी वापरलेली. लाल, बुटकी, दोन सीटची, कापडी टप मागं दुमडता येणारी. सगळ्या लातुरात तशी दुसरी नव्हती. लोक म्हणाले, सरांना पैसा चढला. तू म्हणालीस, "पैसा न्हाई गं. छप्पर न्हाई तिला, म्हणून आणली." हे समजणारी तू एकटीच होतीस, आणि त्या समजण्याचीच किंमत तू भरत राहिलीस.

दसऱ्याला झेंडूची माळ तू घालायचीस. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक तू काढायचीस, चाकाखाली लिंबू तू ठेवायचीस. लिंबावरून गाडी पुढं घ्यायचे ते काका. मग तू रस्त्यावरची साल उचलायचीस आणि आत जायचीस. मी अकरावीला तुझ्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्यांदा हे पाहिलं आणि विचारलं, "तू का नाही बसत?" तू म्हणालीस, "साडी मळते." गाडी इतकी चकचकीत की साडीच तिच्यावर पुसून घ्यावी.

खरं कारण कळलं ते त्या रविवारी. काका रेल्वेनं हैदराबादला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते आणि किल्ली देव्हाऱ्यातच राहिली. तू म्हणालीस, "चल, धरण बघून येऊ." मला वाटलं, एसटीनं. तू शेडमध्ये गेलीस, डावीकडचं दार उघडलंस, रिकाम्या सीटसमोर हात जोडलेस. "आत्याबाई, आजच्या दिवस पोरीला बसू द्या."

"कोण आत्याबाई?"

"त्यांची आई. त्या बसतेत तिथं. हे एकटे असले की बोलतेत त्यांच्याशी. जमिनीतून गुरगुर झाली की तर बसूनच राहतेत तासन्‌तास." वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवलाय, असं सांगावं तसं सांगितलंस. "मग मी कुठं बसू त्यांच्या मधात?"

चपला काढून तू पायाशी ठेवल्यास. अहमदपूर मागं पडेपर्यंत तू हळू चालवत होतीस, पाहुण्यांकडं आल्यासारखी. नंतर रस्ता मोकळा झाला आणि तू मला विसरलीस. क्लच दाबलास की जोडवी टिक्‌ करून वाजायची. उसाचा ट्रक मागं टाकलास तेव्हा क्लीनर दारातून अर्धा बाहेर येऊन बघत राहिला. तू त्याला हात केलास. मी तुला कधी कुणाला हात करताना पाहिलं नव्हतं. विष्णुपुरीला धरणावर गाडी उभी केलीस, पण कॉलनीत गेली नाहीस. आजोबांचं क्वार्टर दुसऱ्याला मिळालं होतं. गाडीतच बसून आपण कागदातली भजी खाल्ली. तुझा अंबाडा वाऱ्यानं सुटला होता आणि तू तो बांधत नव्हतीस. मला वाटलं, ही बाई मला माहीतच नाही.

परत आल्यावर तू गाडी धुतलीस, पुसलीस. सीट मागं सरकवलीस आणि वितीनं मोजून पाहिलीस, काका बसतात तितकी आली का. टपावरची धूळ होती तशी ठेवता येत नाही म्हणून हळहळलीस. एवढं सगळं केलंस आणि आरसा विसरलीस.

काका आले. दुसऱ्या दिवशी क्लासला जाताना गाडीत बसले आणि म्हणाले, "आरसा खाली झालाय." एवढंच. ओरडले नाहीत, कधीच ओरडत नसत. त्या संध्याकाळपासून किल्ली देव्हाऱ्यातून गेली. काकांनी ती करदोड्याला बांधली. आंघोळीलासुद्धा ती त्यांच्या अंगावर असायची. मी हे पुढं मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसून लोळल्या. मलाही हसू येतं. पण यात एक बाई बंद झाली होती, हे हसून झाल्यावर लक्षात घ्यावं.

आता मिरवणूक. बाहेरच्या वाचकाला सांगते, लातुरात निकाल लागला की क्लासवाले आपल्या पहिल्या आलेल्या पोरापोरीला उघड्या गाडीत बसवून मिरवतात. हलगी, गुलाल, फेटे, सगळं. त्या वर्षी काकांच्या क्लासची मुलगी चमकली. तुझ्याच मेसची, निलंग्याकडची. माझाही निकाल त्याच दिवशी होता. तसल्या निकालाची मिरवणूक कुणी काढत नाही. मुलीला लाल गाडीच्या मागच्या कडेवर बसवलं, काका स्टेअरिंगवर, तू आरतीचं ताट घेऊन मागं चालत.

हौसेच्या भरात कुणाच्याही डोक्यात आलं नाही की ही गाडी पळायला केलेली आहे, हलगीच्या चालीनं सरपटायला नाही. जूनचं ऊन, पहिला गिअर, अर्ध्यावर दाबलेला क्लच. गंजगोलाईशी येईपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बंद. हलगी बंद. काकांनी किल्ली फिरवून फिरवून पाहिली. कुणी तरी पाण्याचा जार घेऊन धावला. काका रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात तू ताट एकाच्या हातात देऊन पुढं आलीस.

"हात लावू नका. भाजेल. निवू द्या."

"तू मागं हो," काका म्हणाले.

"तुम्ही उतरा."

तू हे हळूच म्हणालीस. मी बॉनेटशी उभी होते म्हणून ऐकू आलं. काका उतरले. का उतरले, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. तू इंजिन निवू दिलंस, पाणी भरून घेतलंस, चपला काढून आत बसलीस, आरसा खाली केलास. त्या उन्हात गाडीचा हीटर चालू केलास, इंजिनची आग बाहेर काढायला. हलगीवाल्याला हाक मारलीस, "दादा, तुम्ही व्हा पुढं तुमच्या चालीनं. मी मागून येते." त्यांना मोकळं अंतर पडू द्यायचीस आणि मग एका दमात गाडी त्यांच्यापर्यंत नेऊन बंद करायचीस. पुन्हा थांबायचीस, पुन्हा झेप. वारा लागला की गाडी खूश. प्रत्येक झेपेला शिट्ट्या पडत होत्या. मागची पोरगी दोन्ही हातांनी सीट धरून हसत होती. लोकांनी मोबाईल वर केले होते.

आणि काकांच्या हातात कुणी तरी आरतीचं ताट दिलं होतं. देणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, त्याला हात मोकळे हवे होते. काका ते ताट घेऊन गाडीमागं चालत होते. एका पालकानं फेटा सावरत म्हटलं, "सर, आता घरी पण तुम्हीच ओवाळता का?" दुसरा म्हणाला, "जपून सर, पदर सांभाळा." लोक हसले. काकाही हसले. दिवेलागणीला ते फ्लेक्सच्या दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. लाल गाडी, मागं गुलालात माखलेली मुलगी, स्टेअरिंगवर काका. चेहरा काकांचा. खांद्यावर फोटोतल्या फोटोत शर्ट चढवलेला. पण दुकानातल्या पोराला घाई होती की त्याला तेवढंच येत होतं, कोण जाणे. हात त्यानं तसेच ठेवले. स्टेअरिंगवर दोन सावळे हात, मनगटभर हिरव्या बांगड्या. वर्षभर तो बॅनर तिथं होता. सगळ्या लातुरानं त्याच्याखालून ये-जा केली. सरांच्या हातात बांगड्या कशा, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

मी पेटले होते. मला पहिलं पत्रक तिथं सुचलं. तू स्कूटी थांबवून वर पाहिलंस आणि आधी हसलीस. "हात तरी माझेच ठेवले बघ."

"मी फाडून टाकते."

"फाडू नको. पावसानं जाईल."

फ्लेक्स पावसानं जात नाही, मावशी. तुलाही ते माहीत होतं.

त्यानंतर आपण दोघी एकच भांडण करत राहिलो, तू चुलीसमोर, मी ओट्याला टेकून. मी म्हणायचे, "मेलेल्या सासूला सीट आणि जित्या बायकोला आरतीचं ताट. हा कुठला न्याय?"

"त्यांच्यावर घर पडलंय गं. माझ्यावर न्हाई पडलं."

"तुझ्यावर ते पडले."

"सरक, भाकर करपून राहिली."

तू दर वेळी भाकरीआड जायचीस. मी आजही म्हणते, भूकंप काकांच्या वाट्याला आला ही काकांची चूक नव्हती, पण त्याचा ढिगारा रोज तुझ्या अंगावर टाकायचा परवाना त्यांना कुणी दिला नव्हता. त्या भूकंपातून वाचलेल्या बायकाही आहेत. त्यांनी कुणाच्या किल्ल्या करदोड्याला बांधल्या नाहीत. हे वाक्य मी तुला ऐकवलं होतं. तू म्हणालीस, "छापायला बरं हाय."

एकदाच तू भाकरीआड गेली नाहीस. दिवाळीनंतर मी आले होते, तू मेसचे गहू निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मला गाडी नको होती गं. त्यांनी एकदा म्हणावं वाटायचं, शोभा, आज तू घे." आणि पुन्हा गव्हात बोटं फिरवायला लागलीस. ह्याच्यावर माझ्याकडे घोषणा नव्हती. अजून नाही.

तुझ्या छातीत कळ आली तेव्हा गाडी शेडमध्ये होती. किल्ली काकांच्या कमरेला, काका क्लासमध्ये. मेसच्या पोरींनी तुला रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, कशातूनही आणलं असतं तरी फरक पडला नसता. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. आरोप करत नाही, नोंद करते. तू रिक्षानं गेलीस.

मी पोचले तेव्हा बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली होती, ओटी भरली होती. हातात हिरवा चुडा भरत होत्या. एक बांगडी अंगठ्याशी अडली आणि आई म्हणाली, साबण आणा. मी तुझ्या हातांकडे बघत होते. चौकात वर्षभर पाहिलेले हात. फक्त खाली स्टेअरिंग नव्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेले. टप उघडा होता. काका गाडीत बसले होते, डावीकडच्या सीटवर. ड्रायव्हरची सीट रिकामी. ती पुढं सरकवलेली होती, तुझ्या पायांच्या अंतरावर, आणि आरसा खाली होता.

मी विचारलं, "आणि तुमच्या आई कुठं बसल्या?"

"मागं. टॉपर पोरी बसतेत तिथं." मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्या पोराला. माझा चेहरा लाव म्हणून. लोक पदर सांभाळा म्हणून राहिले होते गं."

"मूळ फोटो?"

"दुकान बंद पडलं. कॉम्प्युटर भंगारात गेला. घरातले सगळे फोटो पाहून राहिलो मी. पदर घेतलेली हाय, ताट घेतलेली हाय, पोरींना वाढताना हाय. गाडीत एकपण न्हाई." करदोड्याची किल्ली सोडून त्यांनी ती स्टेअरिंगवर ठेवली होती. "फोटो मिळाला तर मी लावतो फ्लेक्स. त्याच चौकात. नाव घालून."

मेल्यावर तुला सीट मिळाली, मावशी. मेल्यावर मिळणं हा त्या गाडीचा नियमच असावा. मी त्यांना चहा करून दिला. माफ केलं नाही. ते माझ्या हातात नाही, आणि तू केलं असणार, हे मला माहीत आहे, हीच तर माझी तुझ्याबद्दलची तक्रार आहे. पण तुझ्याकडून एक गोष्ट घेतली ती सांगायची राहिली. सभेत गर्दी रेटायला लागली की मी कुणाला ओरडत नाही. हळू आवाजात म्हणते, तुम्ही उतरा. माणसं उतरतात.

तुझी मेसची कोठी आवरताना गव्हाच्या पोत्यांवर झाकलेलं एक फ्लेक्सचं कापड निघालं. उलटं घातलेलं. सुलटं केलं तर तोच बॅनर. तो उतरवला तेव्हा तू जाऊन आणला असणार. काकांचा चेहरा होता तिथं उंदरानं कुरतडलंय. हात शाबूत आहेत. ते मी घेऊन आले.

आता तुमच्याशी बोलते, हे वाचणाऱ्यांशी. त्या दुपारी गंजगोलाईत तुम्ही मोबाईल वर धरला होता. तुम्ही, तुमच्या भावानं, तुमच्या क्लासच्या मित्रानं. तो जुना फोन कपाटात पडला असेल, काच फुटली असेल. चार्जर शोधा. मेमरी कार्ड काढा. लाल गाडी, मागं गुलालातली पोरगी, आणि स्टेअरिंगवर अनवाणी बसलेली बाई. फोटो हललेला असला तरी चालेल. कापू नका, चेहऱ्याला गोरं करू नका, कुणाला बाजूला काढू नका. सरांच्या क्लासवर जा आणि तो त्यांच्या हातात द्या, माझ्या नव्हे.

हात माझ्याकडे आहेत. चेहरा तुमच्याकडे आहे. आणून द्या.